लॉफ्ट करतोय, डॉर्मर कुठला घ्यावा? (१९३० च्या दशकातलं सेमी, लंडन)

अमेय_हॅरो

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. आमचं हॅरोला १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड (शेजारच्या घराशी एक भिंत सामाईक असलेलं) घर आहे, नावाला तीन बेडरूम पण तिसरी एवढीशी की पलंग टाकल्यावर दार पूर्ण उघडत नाही. मुलं दोन, मोठी आता इयर नाईनला जाईल, धाकटा सात वर्षांचा, आणि दरवर्षी एकदा माझे आईबाबा किंवा मानसीचे असं कोणीतरी चार-पाच महिने येऊन राहतं आणि ते आले की धाकट्याची गादी हॉलमध्ये. घर बदलायचं नाही हे पक्कं आहे, शाळा चांगली आहे, स्टेशन चालत दहा मिनिटांवर, शेजार चांगला. म्हणून वर लॉफ्ट करून, म्हणजे छपराखालच्या माळ्यात, एक मोठी खोली आणि एक बाथरूम काढायचं ठरतंय.

आता गोंधळ असा की तीन बिल्डर येऊन गेले आणि तिघांचं तीन तऱ्हेचं. एक म्हणतो मागच्या बाजूला सरळ सपाट छपराचा बॉक्स डॉर्मर (डॉर्मर म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर काढलेला खिडकीचा भाग) टाका, दुसरा म्हणतो आधी हिप-टू-गेबल, म्हणजे बाजूचं उतरतं पाखं काढून तिथे उभी त्रिकोणी भिंत, केल्याशिवाय इथे काही होणारच नाही, तिसरा म्हणतो कशाला एवढा खर्च, छपराच्या उतारातच बसणाऱ्या चार वेलक्स खिडक्या बसवू आणि काम संपलं. आणि मानसीला मनापासून आवडलेत ते त्रिकोणी टोपीचे छोटे दोन डॉर्मर, आमच्या मागच्या रस्त्यावर एका घराला आहेत, खरंच फार देखणे दिसतात, बघून कोणालाही वाटेल आपल्याकडेही असावेत.

मापं मी स्वतः घेतलीत. खालच्या जॉइस्टच्या (माळ्याच्या जमिनीच्या आडव्या तुळयांच्या) वरच्या कडेपासून आढ्याच्या खालच्या कडेपर्यंत २.४८ मीटर. घर पुढून मागे ७.२ मीटर, रुंदी साधारण ६. वासे हाताने कापून बसवलेले आहेत, फॅक्टरीतले तयार ट्रस (त्रिकोणी सांगाडे) नाहीत. मागची बाजू दक्षिणेला. कोणी केलं असेल तर सांगा, ठरवताना सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये.

स्ट्रक्चर_संजय

अमेय, मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, इकडे चौदा वर्षं झाली आणि त्यातली बरीच वर्षं लॉफ्टच्याच कॅल्क्युलेशनमध्ये गेलीत, तर जरा सविस्तर लिहितो. मापं घेऊन आलात हे फार छान केलंत, बहुतेक जण फोटो टाकतात आणि विचारतात कसं दिसेल.

डॉर्मर निवडायला सुरुवात बाहेरून करायची नाही, जिन्यापासून करायची. तुमच्यासारख्या सेमीमध्ये आत्ताचा जिना बाहेरच्या बाजूच्या भिंतीला लागून वर जातो ना? मग लॉफ्टचा नवा जिना साहजिकच त्याच्याच डोक्यावर येणार, कारण दुसरीकडे कुठेही नेला तर पहिल्या मजल्यावरची एक खोली खाल्ली जाते. आणि नेमकं त्याच बाजूला तुमचं छप्पर उतरतं, म्हणजे ते तिसरं पाखं, हिप. तर जिना चढून वर पोचायचं तिथेच डोकं वाश्याला लागणार. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशनमध्ये खोलीला अमुक एक उंची हवीच असं कुठे नाहीये, पण जिन्यावर आहे, डोक्यावर २ मीटर मोकळे हवेत. लॉफ्टला जागाच नसेल तर थोडी सवलत मिळते, जिन्याच्या मध्यावर १.९ आणि उतरत्या छपराच्या बाजूला १.८, त्याखाली नाही. म्हणून दुसरा बिल्डर जे म्हणतोय ते बरोबर आहे, पण त्याने कारण सांगितलं नाही म्हणून तुम्हाला ते खर्च वाढवणं वाटतंय. वेलक्सवाल्याने जिना कुठे येणार ते दाखवलं का? विचारा त्याला.

एक काम करा, झाडूच्या दांड्याला किंवा कशालाही २ मीटरवर खूण करा आणि जिना जिथे संपेल असं वाटतं तिथे जॉइस्टवर फळी टाकून उभा धरा. आणि दुसरं, तुमच्या खालच्या मजल्यावर जिना कुठे उतरतो तेही सांगा, स्वतंत्र पॅसेजमध्ये का थेट हॉलमध्ये, त्यावरही बरंच आहे.

अमेय_हॅरो

संजयदादा, खूप आभार, आजच वर चढलो. जिना वर येईल ती जागा बाजूच्या भिंतीपासून दीड मीटरवर धरली, तिथे दांडा उभा राहायचा प्रश्नच नाही, वासा माझ्या कमरेला लागतोय, मोजलं तर १.०४. म्हणजे वेलक्सचा विषय संपला. तो बिल्डर लॉफ्टच्या झडपेतून डोकं वर काढून दोन मिनिटांत उतरला होता, हे आता आठवतंय.

खाली जिना थेट हॉलमध्ये उतरतो. आधीच्या मालकाने पॅसेजची भिंत काढून मोठा हॉल केलाय, आम्ही घर घेतलं तेव्हा त्याच्यावरच खूश होतो.

पण मग हिप-टू-गेबल केल्यावर मागे ते दोन त्रिकोणी डॉर्मर नाही का चालणार? बाजूने उंची मिळालीच की.

निशा_रेडिंग

त्रिकोणी डॉर्मरबद्दल मी सांगते, आमच्याकडे आहेत, पाच वर्षं झाली. आमचं घर कॉन्झर्व्हेशन एरियात (जपलेल्या जुन्या वस्तीत) आहे त्यामुळे परमिटेड डेव्हलपमेंट, म्हणजे अर्जाशिवाय बांधायची मुभा, हे लागूच नव्हतं, रीतसर प्लॅनिंगचा अर्ज करावा लागला आणि कौन्सिलने मोठा बॉक्स चालणार नाही, छोटे उतरत्या छपराचे द्या असं सांगितलं. तर आमच्यापुढे पर्याय नव्हता, आणि मला ते अजूनही आवडतात, हे आधीच सांगते.

पण आत काय होतं ते बघा. बाहेरून डॉर्मर १.६ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती, त्यांना इथे चीक म्हणतात, त्यात लाकूड आलं, इन्सुलेशन आलं, प्लास्टरबोर्ड आला, शेवटी आत राहिली १.२५. म्हणजे ताठ उभं राहता येतं ती एक गल्ली, खिडकीपर्यंत जाते आणि तिथे संपते. दोन डॉर्मर म्हणजे अशा दोन गल्ल्या आणि मधे पुन्हा उतरतं छप्पर. एका गल्लीत लेकीचं टेबल आहे, पावसात तिथे बसून अभ्यास करते, वरून कौलांवर आवाज येतो, तिची सगळ्यात लाडकी जागा आहे ती. दुसऱ्यात मी बसायचा कट्टा करून घेतला, खाली गाद्या-चादरी ठेवायचा कप्पा. पण बाथरूम? शॉवर उतरत्या छपराखाली बसेना, शेवटी कमोड आणि बेसिनवर भागवलं, अंघोळीला खाली यावंच लागतं. दोन्ही पाखं जिथे मिळतात तिथे पन्हळ येते, एका डॉर्मरला दोन, म्हणजे आमच्या चार, आणि प्रत्येकीत शिशाचा पत्रा. काम ज्याने केलं तो माणूस हाताचा पक्का होता म्हणून अजून थेंब नाही आला, पण तेवढ्या चार पन्हळींचेच चार दिवस लागले होते.

मानसीला सांगा की तुम्हाला आणखी एक राहायची खोली हवी असेल तर ते डॉर्मर नाही जमणार, उजेड आणि एक छान कोपरा हवा असेल तर त्याच्यासारखं काही नाही. तुमच्या गरजेवरून मला पहिलं वाटतंय.

स्ट्रक्चर_संजय

निशाताईंनी जे लिहिलंय ते मी दहा ड्रॉइंग काढून पण एवढं नीट सांगू शकलो नसतो.

अमेय, आता जागेचा हिशोब. परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये म्हणजे प्लॅनिंगच्या अर्जाशिवाय सेमीला छपराचं आकारमान ५० घनमीटरपर्यंत वाढवता येतं, टेरेस्डला (ओळीत चिकटून असलेल्या घराला) ४०. यात आधीच्या मालकाने काही वाढवलं असेल तर तेही धरतात बरं का, ते बघून घ्या. हिप-टू-गेबलचं आकारमान काढायला लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ६. तुमचं हिप ३.६ मीटर आत जातं, घर ७.२, उंची २.५ धरा, म्हणजे साधारण १०.८. मागच्या बॉक्सचा आडवा छेद त्रिकोण असतो म्हणून भागिले २, ५ मीटर रुंद, ३.२ खोल, समोरची उंची २.२, म्हणजे १७.६. दोन्ही मिळून २८ आणि थोडं. ५० च्या खूप आत आहात, त्या बाबतीत निवांत राहा.

उंचीत मात्र निवांत नाही. तुमचे २.४८ ऐकायला बरे वाटतात पण त्यातून नवे जॉइस्ट आणि फळ्या धरून जमीन १५ सेंटीमीटर वर येते. वरून सपाट छपराची जाडी जाते, प्लास्टरबोर्ड, लाकूड, प्लायवूड आणि त्याच्यावर साधारण १५० मिलिमीटर इन्सुलेशन, सगळं मिळून ३५ सेंटीमीटरच्या आसपास. त्यातलं काही आढ्याच्या कौलाच्या उंचीत लपतं पण छपराच्या मूळ सर्वोच्च बिंदूच्या वर जायला परवानगी नाही. शिवाय सपाट छप्पर म्हणजे खरंच सपाट नसतं, ४० ला १ असा उतार धरतो, ३.२ मीटरवर तो ८ सेंटीमीटर होतो. हे सगळं वजा केलं की आढ्याजवळ २.१८ आणि मागच्या खिडकीपाशी २.१० मिळतील. चालतं, पण एक एक सेंटीमीटर मोजून करायचं काम आहे. बिल्डर म्हणाला २.४ देतो तर लेखी घ्या त्याच्याकडून.

तुम्हाला सर्वात जास्त जागा सपाट छपराचा बॉक्सच देईल. फक्त तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणू नका. दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर मूळ कौलं दिसू द्या आणि खाली वळचणीपासून छपराच्या उतारावर मोजून २० सेंटीमीटर सोडणं तर नियमातच आहे. शेजारच्या हद्दीपासून १ मीटरच्या आत चीक आली तर तिला आगीचे वेगळे नियम लागतात, अर्धा मीटर सोडला तरी सामाईक भिंतीकडच्या चीकला ते लागतील, तो खर्च धरा. पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या पाखावर, डॉर्मर परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसत नाही, तिथे वेलक्स लावा, छपराच्या वर १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त येता कामा नये एवढंच.

आता तुमचा हॉल. हे ऐकायला आवडणार नाही. तळमजला धरून तिसरा मजला राहायचा झाला की वरून घराबाहेरच्या दारापर्यंत आगीपासून सुरक्षित असा बंदिस्त मार्ग लागतो, वाटेतल्या खोल्यांना फायर डोअर, प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले घरच्या विजेवरचे स्मोक अलार्म. वरून खिडकीतून उडी मारता येत नाही म्हणून हा नियम. जिना उघड्या हॉलमध्ये उतरत असेल तर भिंत परत बांधा किंवा स्प्रिंकलर किंवा मिस्टची (पाण्याचं धुकं फवारणारी) यंत्रणा बसवा, आणि ती आधी बिल्डिंग कंट्रोलला (बांधकामाचे नियम तपासणाऱ्यांना) पटवा. तिघांपैकी एकानेही हे काढलं नसेल तर मला तिघांचीही काळजी वाटते.

मेघना_वॉल्थमस्टो

आमचं व्हिक्टोरियन टेरेस, त्यामुळे प्रकार वेगळा, आमच्याकडे मागे जो एक शेपटासारखा भाग असतो स्वयंपाकघर-बाथरूमचा त्याच्यावरूनही डॉर्मर नेतात, एल आकाराचा. मोठी खोली मुख्य छपरात आणि त्या शेपटात दुसरी छोटी खोली आणि बाथरूम असं बसलं, सगळं ४० च्या आत ठेवायला आर्किटेक्टने बरीच खटपट केली. एक गोष्ट सांगायला आले, डॉर्मरचा आकार कुठलाही घ्या पण छप्पर वॉर्म रूफच करा. आमच्या बिल्डरने इन्सुलेशन लाकडांच्या मधे भरलं आणि वर प्लायवूड, ज्याला कोल्ड रूफ म्हणतात, त्यात इन्सुलेशनच्या वर ५० मिलिमीटर हवेची वाट मोकळी सोडायची असते आणि ती दोन्हीकडून उघडी हवी, त्याने गच्च भरून टाकलं. पहिल्याच हिवाळ्यात जानेवारीत सकाळी उठले तर छताला खिळ्यांच्या रांगेत तपकिरी ठिपके, अगदी ओळीने, पट्टीने आखल्यासारखे. मला वाटलं गळतंय, दोन वेळा वरून माणूस येऊन रबराचं आवरण तपासून गेला, वर काहीच नव्हतं. आमच्याच श्वासाची आणि शॉवरची वाफ वर जाऊन थंड प्लायवूडला लागून पाणी होत होती. सहा महिने गेले हे कळायला. बिल्डरने हात वर केले, शेवटी छत फोडून परत केलं, त्या वेळी धाकटी तीन महिन्यांची होती आणि आम्ही चौघं एका खोलीत राहिलो, आजही ते दिवस आठवले की पोटात कालवतं.

वॉर्म रूफमध्ये इन्सुलेशन फळीच्या वर येतं त्यामुळे लाकूड खोलीच्या ऊबेत राहतं. उंची थोडी जाते, संजयदादांनी हिशोबात ती धरली आहे असं दिसतंय. तुमची मागची बाजू दक्षिणेला आहे म्हणून उन्हाळ्यातही त्याचा फायदा होईल. आणि समोरासमोर हवा खेळेल असं बघा, पुढचे वेलक्स उघडणारे घ्या, आमची खोली जुलैत भट्टी होते.

हो, आणि शेजाऱ्यांना पार्टी वॉलची (सामाईक भिंतीची) नोटीस काम सुरू व्हायच्या दोन महिने आधी. स्टीलचे बीम सामाईक भिंतीत जाणार ना. त्यांनी १४ दिवसांत लेखी होकार दिला तर उत्तम, गप्प राहिले तर कायद्याने तो वादच धरतात आणि मग सर्व्हेयर, आणि त्याची फी बहुतेक वेळा काम करणाऱ्याच्याच डोक्यावर. नुसती नोटीस दारात टाकू नका, आधी ड्रॉइंग घेऊन चहाला बोलवा. आमच्या शेजारच्या आजींना फक्त एवढंच हवं होतं की सकाळी आठच्या आधी ठोकाठोक नको.

केदार_बोस्टनजवळ

इकडचं सांगू का, उपयोगी पडेल न पडेल. आमचं केप आहे, केप कॉड पद्धतीचं, १९५० च्या आसपासचं, पुढे ते दोन छोटे डॉगहाउस डॉर्मर मुळातच होते आणि आम्ही मागे शेड डॉर्मर घेतला. म्हणजे तुमचा बॉक्सच, फक्त छप्पर सपाट न ठेवता हलक्या उताराचं. इकडे बर्फामुळे सपाट कोणी सुचवत नाही. डांबरी शिंगल लावायचं तर कमीत कमी १२ इंचाला २ इंच उतार लागतो आणि ४ च्या आत असेल तर खालचं अस्तर दुहेरी. खालच्या कडेला बर्फाचा बांध होऊन पाणी उलटं शिंगलखाली चढतं म्हणून चिकट पडदा भिंतीच्या आत २४ इंचांपर्यंत न्यावा लागतो. नियम पण उलटे आहेत, तुमच्याकडे खोलीच्या उंचीला बंधन नाही म्हणताय, इकडे राहायच्या खोलीला ७ फूट हवेत, उतरतं छत असेल तर लागणाऱ्या जागेच्या निम्म्या भागात ७ आणि ५ फुटांखालचा भाग मोजतच नाहीत. आणि प्रत्येक बेडरूमला अशी खिडकी की जिच्यातून माणूस बाहेर पडेल, उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांच्या वर नको. आमचा डॉर्मर किती रुंद हे त्या खिडकीनेच ठरवलं.

मानसीताईंना छोटे डॉर्मर आवडतात तर आमच्याकडे तीच जोडी आहे, पुढे छोटे देखणे आणि मागे मोठा कामाचा. तुमच्याकडे पुढे परवानगी लागेल असं दिसतंय.

देवरूखकर

वाचतोय सगळं, विषय निघालाच आहे तर विचारतो. गावचं आमचं कौलारू घर परत बांधायचंय, माळ्यावर खोली काढायचा विचार आहे, मुलगा इंटरनेटवरचे फोटो दाखवतो असल्या डॉर्मरचे. आपल्याकडे चालेल का?

निशा_रेडिंग

काका, माझं माहेर गुहागरकडचं म्हणून मनापासून सांगते, नका करू. लंडनला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही भुरभुर. रत्नागिरीत ३००० च्या वर आणि तो सगळा चार महिन्यांत, वाऱ्याबरोबर आडवा. माझ्या चार पन्हळी इकडे टिकल्यात, आपल्याकडे एका पन्हळीत जांभळाची पानं अडकली की पाणी घरात. त्यात माकडं. एकदा कौल सरकलं की डॉर्मरच्या कोपऱ्यात ते चढून परत बसवणंही अवघड.

कोकणात पाखं अखंडच ठेवायचं, आढ्यापासून वळचणीपर्यंत एकही अडथळा नको, पागोळ्या सरळ अंगणात पडल्या पाहिजेत. उजेडाला काचेची कौलं घाला, आजोबांच्या माळ्यावर दोनच होती पण दुपारी तिथे पुस्तक वाचता यायचं. हवेला आणि खिडकीला दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती वापरा, वरून छप्पर बाहेर भरपूर काढून. डोक्याला उंची हवी असेल तर भिंतीच दोन-तीन फूट वर घ्या, नवीनच बांधताय तर ते सहज होईल.

देवरूखकर

पटलं ताई. भिंती वर घ्यायचं मिस्त्रीपण म्हणत होता, त्याच्याशी बोलतो.

अमेय_हॅरो

मंडळी, आठवडाभर गायब होतो कारण घरात यावरच चर्चा चालू होती. मानसीने निशाताईंचं पोस्ट तीनदा वाचलं. मग आम्ही दोघं वर गेलो, मास्किंग टेपने जॉइस्टवर टाकलेल्या फळ्यांवर १.२५ मीटरची गल्ली आखली आणि ती त्यात उभी राहिली, दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडे वासे. काही बोलली नाही, फक्त म्हणाली आई इथे साडी नेसणार कशी. तिथेच ठरलं, हिप-टू-गेबल आणि मागे ५ मीटरचा बॉक्स.

खरं तर आता असं ठरलंय की आईबाबांना वर पाठवायचंच नाही. संजयदादांनी जिन्याचं लिहिलं तेव्हा लक्षात आलं की तो जिना ४२ अंशांपर्यंत उभा असू शकतो, बाबांचा गुडघा बघता ते रात्री बाथरूमला तीनदा चढउतार करणार नाहीत. आम्ही दोघं वर जाणार आणि आमची आत्ताची खोली त्यांची, ते नसतील तेव्हा धाकट्याची.

भिंत परत बांधतोय. मिस्टच्या यंत्रणेची चौकशी केली पण शेवटी भिंत आणि दार हेच बरं वाटलं, थंडीत हॉल पण उबदार राहील. तिन्ही बिल्डरांना मेल केला, फायर डोअर, वॉर्म रूफ, आतली उंची लेखी द्या म्हणून. वेलक्सवाल्याचं उत्तर नाही, एकाने भिंतीसकट नवीन कोट पाठवलं आणि आतली उंची २.१२ लिहिली, आधी तोच २.३५ म्हणत होता.

दोन शंका राहिल्यात. बाजूला जी नवी गेबलची भिंत येईल त्यात जिन्याला उजेड म्हणून खिडकी काढता येते का? आणि आमच्या जोडीच्या घराला हिप तसंच राहणार, म्हणजे रस्त्यावरून एक बाजू उभी आणि एक उतरती, ते विचित्र दिसेल म्हणून शेजारचे काका जरा नाराज आहेत. परवानगी लागत नाही हे माहीत आहे पण त्यांना काय सांगू?

स्ट्रक्चर_संजय

खिडकी काढता येते, काच अपारदर्शक हवी आणि उघडणारा भाग जमिनीपासून १.७ मीटरच्या वर. जिन्यात तशीच घ्या, उजेड छान येईल.

दिसण्याचं म्हणाल तर शेजारच्या काकांचं चुकत नाहीये, जोडीतलं एकच घर उभं झालं की डोळ्याला खटकतं. त्यातल्या त्यात हे करा, गेबलच्या भिंतीला विटा जुन्या घराच्या रंगाला जुळणाऱ्या घ्या, पांढरं रेंडर (गिलावा) नको, आणि कौलं उतरवताना जुनी चांगली निघतील ती सगळी पुढच्या पाखावर परत लावायला सांगा, नवीन कौलं मागे जाऊ देत. पुढून रंग तुटला नाही की निम्मं विचित्रपण जातं. मागच्या डॉर्मरला भिंतीवर लटकवायच्या टाइल्स छपराच्याच रंगाच्या, नियमातही साहित्य मूळ घरासारखं दिसणारं हवं असं आहेच. आणि त्या काकांना विचारा त्यांना पुढेमागे लॉफ्ट करायचंय का, असेल तर सामाईक भिंतीतले बीम कुठे येणार ते दोघांनी आत्ताच बोलून ठेवा, नंतर त्यांचे बीम तुमच्या बीमसमोर येऊन अडतात.

काम सुरू करायच्या आधी कौन्सिलकडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमात बसतं असा दाखला, घ्या. सक्तीचं नाही पण घर विकताना वकील पहिलं तेच मागतो. आणि वर पाण्याची टाकी आहे का अजून? तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारतो.

अमेय_हॅरो

आहे, कोपऱ्यात, जुनी, लॅगिंग (थंडीपासून जपणारं आवरण) गुंडाळलेली. तिचं काय करायचं याचा विचारच केला नव्हता.

स्ट्रक्चर_संजय

मग आधी प्लंबर बोलवा. टाकी जाणार म्हणजे कॉम्बी बॉयलर (लागेल तसं पाणी तापवणारा) किंवा प्रेशरचा सिलिंडर (गरम पाणी साठवणारा), आणि दोन बाथरूम एका वेळी चालणार असतील तर कॉम्बीवर ताण येतो. सिलिंडर घेतला तर त्याला कपाटाएवढी जागा लागेल, ती वळचणीकडच्या बुटक्या भागात बसते का ते ड्रॉइंगमध्ये आत्ताच दाखवायला सांगा. मेन लाइनचं प्रेशर मोजून घ्या, त्याच्यावर सगळं ठरेल.

मेघना_वॉल्थमस्टो

आणि प्लंबर वर आला की शॉवरचा पंखा थेट बाहेर निघतोय ना ते पण बघा, छपराच्या पोकळीत सोडू देऊ नका. अमेय, काम सुरू झालं की इथे फोटो टाका हं, मानसीला सांगा खिडकी मोठी घ्या, दक्षिणेचं ऊन आहे.